चौदा नंबरची वाट

उतार या गोष्टीवर माझ्या साडूंइतकं निस्सीम प्रेम केलेला माणूस मी पाहिला नाही, आणि असा माणूस नेमका कुवेतसारख्या ताटाइतक्या सपाट देशात येऊन पडावा, यापेक्षा मोठी चेष्टा नशीब कुणाची करत नसेल. पोलादपूरच्या घाटाखाली जन्मलेला हा गृहस्थ शाळेत असताना भाड्याची सायकल घेऊन घाट चढायचा आणि संध्याकाळी भन्नाट वेगाने खाली यायचा. माझं लग्न ठरत होतं तेव्हा सासरच्या मंडळींकडून मला बघायला हेच आले होते. पगार, शिक्षण, निर्व्यसनीपणा यांतलं त्यांनी काहीही विचारलं नाही. चहा संपेपर्यंत माझ्याकडे पाहत राहिले आणि मग विचारलं, "घाट कधी सायकलवर चढलायत का?" मी नाही म्हणालो. सासऱ्यांना त्यांनी अहवाल दिला की मुलगा सालस आहे, फक्त पोटऱ्या नाहीत.

कुवेतला ते माझ्या दोन वर्षं आधी, एक्याण्णवच्या युद्धानंतर लगेच आले. शुऐबाच्या एका रासायनिक कारखान्यात ते इन्स्पेक्शन इंजिनियर होते. पाइप आतून किती झिजलाय, त्याची जाडी किती उरलीय, तो अजून किती वर्षं टिकेल, हे सांगायचं त्यांचं काम. हे काम त्यांच्या बोटांत इतकं भिनलं होतं, की कोणतीही वस्तू समोर आली की ते आधी बोटाच्या पेराने वाजवून बघत. भाजीबाजारात कलिंगड तर सगळेच वाजवतात. हे आमच्या खैतानच्या फ्लॅटच्या भिंती वाजवत, देवघर वाजवत, आणि एकदा तर मला छातीत कफ झाला असताना त्यांनी माझी पाठ वाजवून "खाली डाव्या बाजूला भरलंय" असं सांगितलं. मी इथल्या एका इस्पितळात यंत्रं दुरुस्त करतो. दुसऱ्या दिवशी एक्स-रे काढून घेतला. खाली डाव्या बाजूलाच भरलं होतं.

त्यांच्या डोक्यात ते बेट शिरलं ते एका फ्रेंच इंजिनियरमुळे. कॉम्प्रेसर बसवायला आलेला तो माणूस जाताना आपल्याजवळचा एक जुना नकाशा त्यांना देऊन गेला. हिंदी महासागरातलं रियुनियन नावाचं बेट. मधोमध धगधगता ज्वालामुखी, भोवती जंगल, आणि डोंगरमाथ्यापासून थेट समुद्रापर्यंत उतरणाऱ्या सायकलच्या वाटा. साडूंनी त्यावर वाचन केलं आणि एका शुक्रवारी माझ्याकडे येऊन मला आणि माझ्या बायकोला समोर बसवून समजावलं, की कोट्यवधी वर्षांपूर्वी ज्या भट्टीतून आपला सह्याद्री बाहेर पडला ती भट्टी आता त्या बेटाच्या खाली आहे. हिंदुस्थान वर सरकत गेला, भट्टी जागच्या जागी राहिली. "म्हणजे ते सह्याद्रीचं माहेर झालं," ते म्हणाले. "माहेरी एकदा जाऊन यायला पाहिजे." माझ्या बायकोला स्वतःच्या माहेरी जायला त्या वर्षी रजा मिळाली नव्हती. ती उठून आत गेली.

पुढची दहा वर्षं त्यांनी वाटा निवडण्यात घालवली. एकूण तेवीस वाटांची यादी होती, कारखान्याच्या पाइपांना असतात तसे त्यांना नंबर दिलेले. प्रत्येक वाटेचं स्वतंत्र पान. त्यावर चढ किती, उतार किती, दगड सुटा की पक्का, पाऊस झाला तर चिखल होतो का, पडल्यास कोणत्या बाजूला पडावं. फ्रेंच पुस्तिकांत सोप्या वाटांना हिरवा रंग, मग निळा, मग लाल आणि जिवावर बेतणाऱ्या वाटांना काळा. साडूंचं प्रेम काळ्यांवर. कारखान्याच्या बसमध्ये ते कानाला कॅसेट लावून फ्रेंच शिकत, आणि शेजारी बसलेल्या मल्याळी फोरमनला रोज सकाळी अत्यंत अदबीने विचारत की इथून धबधबा किती दूर आहे. त्यांची मुलगी तेव्हा नऊ-दहा वर्षांची, इंडियन स्कूलमध्ये. ती वहीतून मान वर करून म्हणायची, "बाबा, पीपल गो टू आयलंड्स टू स्विम." ताई म्हणजे माझी मेव्हणी. त्या काहीच म्हणत नसत. एखाद्या घरात नवरा गात असतो आणि बायको भाजी निवडत असते, तशा त्या शेजारी बसून भाजी निवडत असत.

सरावासाठी उतार कुठून आणायचा हा प्रश्न होता. फहाहीलमध्ये त्यांच्या घराजवळ एक पाच मजली पार्किंग होतं. दुबईहून मागवलेली जाड टायरची सायकल घेऊन ते दर शुक्रवारी सकाळी तिथे जात आणि पहिल्या मजल्यापासून गच्चीपर्यंत वीस-वीस वेळा वर-खाली करत. तिथल्या बांगलादेशी वॉचमनने एकदा मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "साहब की गाड़ी खो गई है क्या?" मी नाही म्हणालो. त्याला ते पटलं नसावं, कारण पुढच्या शुक्रवारी तो स्वतः त्यांच्यामागे एकेक मजला चालत गाडी शोधत होता.

खरी टेकडी म्हणावी अशी एकच, शहराच्या उत्तरेला मुतलाची कड. शहाण्णव साली आम्ही दोघे तिथे गेलो. वाळूत अजून जळक्या ट्रकांचे सांगाडे होते आणि रस्ता सोडायचा नाही असं सगळेच सांगत, कारण युद्धातले सुरुंग पूर्ण निघालेले नव्हते. साडू रस्त्याच्या कडेला उभे राहून त्या उताराकडे असे पाहत होते, जसा मधुमेही माणूस मिठाईच्या दुकानाकडे पाहतो. तिथे मेंढ्या राखणारा एक सुदानी म्हातारा भेटला. त्याने आम्हाला काळा चहा दिला. त्याचा उजवा पाय घोट्याखाली नव्हता. साडूंनी त्याच्या शेजारी मांडी घालून, मोडक्या अरबीत, कुठे झालं, कसं झालं, पाय टाकल्यावर आवाज कसा आला, सगळं विचारलं. परतताना गाडीत वही काढून मुतलाच्या नावापुढे त्यांनी काळा रंग लिहिला आणि पुन्हा तिकडे जायचं नाव काढलं नाही.

बेटावर जाणं मात्र दरवर्षी हुकत गेलं. एका वर्षी कारखाना दुरुस्तीसाठी बंद केला आणि सगळ्यांच्या रजा रद्द झाल्या. एका वर्षी सासऱ्यांना अर्धांगवायू झाला. एका वर्षी ताईंचं पित्ताशय काढावं लागलं. आणि दोन हजार तीनच्या मार्चमध्ये इराकचं दुसरं युद्ध आलं. कारखान्यांवर क्षेपणास्त्रं पडतील या भीतीने साडू, ताई आणि मुलगी आमच्याकडे खैतानला राहायला आले. खिडक्यांना प्लास्टिक लावून, फटींवर चिकटपट्ट्या मारून आम्ही आतली खोली बंद केली होती. सायरन वाजला की पाचही जणांनी तिथे जाऊन बसायचं. एका सकाळी भोंगा थांबेना. मुलगी आईच्या मांडीत डोकं खुपसून रडत होती. साडूंनी जमिनीवर नकाशा पसरला आणि प्रत्येकाने एक वाट निवडायची असं फर्मान काढलं. मी एक निवडली, माझ्या बायकोने एक निवडली. मग दहा वर्षांत त्या कागदाकडे एकदाही न बघितलेल्या ताई पुढे सरकल्या आणि एका जागी बोट ठेवून म्हणाल्या, "ही. इथं पाणी दिसतंय." साडूंनी पेन काढून ती वाट वहीत नोंदवली. त्यांचा हात तेव्हा थरथरला, तो भीतीने असं आम्हाला वाटलं.

त्या उन्हाळ्यात ते पार्किंगमध्ये दोनदा पडले. डावा ब्रेक नीट लागत नाही, असं म्हणाले. त्यांनी ब्रेकची वायर बदलली, मग दांडा बदलला, मग पुन्हा वायर बदलली. आयुष्यभर यंत्रांतले दोष शोधलेल्या माणसाला दोष यंत्रातच दिसणार. ऑक्टोबरमध्ये आमच्याकडे जेवताना त्यांच्या डाव्या हातातून आमटीची वाटी निसटली. ती सांडल्याचं त्यांना काही वाटलं नाही. ते आपल्या अंगठ्याच्या बुडाकडे पाहत होते. तिथलं मांस गेलं होतं, खळगा पडला होता. त्यांनी उजव्या हाताच्या बोटाने तिथे टिचकी मारली, आणि जेवण संपल्यावर मला गॅलरीत नेऊन विचारलं, की तुमच्या इस्पितळात कुणी ओळखीचं आहे का.

नागपूरकडचे एक मेंदूविकारतज्ज्ञ माझ्या ओळखीचे होते. महिनाभर तपासण्या चालल्या. सुया टोचून स्नायूंतली वीज मोजली. शेवटी त्यांनी आम्हा दोघांना बसवून आधी इंग्रजीत आणि मग मराठीत सांगितलं. स्नायूंना हलवणाऱ्या नसा मरत चालल्या आहेत. हातापासून सुरुवात झालीय, पुढे पाय, मग गिळणं, मग श्वास. यावर उपाय नाही. साडूंनी विचारलं, "महिन्याला किती झिजणार?" डॉक्टरांना प्रश्न कळला नाही. साडूंनी तो नीट फोड करून सांगितला: आज किती आहे ते मोजता येतं, दर महिन्याला किती जातं तेही मोजता येईल, मग उरलेलं किती दिवस पुरेल याचा हिशेब बसायला हवा. डॉक्टर म्हणाले की माणसाचं असं सांगता येत नाही. बाहेर आल्यावर साडू मला म्हणाले, "त्यांना सांगता येतं. त्यांना सांगवत नाही."

मग त्यांनी स्वतःच मोजायला सुरुवात केली. दर शुक्रवारी न्हाणीघरातली बादली डाव्या हाताच्या चार बोटांवर उचलायची आणि दहा आकडे म्हणेपर्यंत धरायची. किती तांबे पाणी भरल्यावर ती सुटते, ते आलेखाच्या कागदावर मांडायचं. आकडे मी म्हणायचे. नोव्हेंबरात सात तांबे, जानेवारीत पाच. मार्चमध्ये उजवा हातही उतरायला लागला. त्या आलेखाप्रमाणे ते वाटांची यादी काढून बसत आणि जी वाट हाताबाहेर गेली ती रद्द करत. काळ्या सात वाटा एका बैठकीत गेल्या. मी खोडरबर पुढे केलं, तर त्यांनी ते बाजूला सारलं. "रेकॉर्ड खोडायचं नसतं," म्हणाले. "एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला सही करायची." त्यांची सही तेव्हा आधीच्या सहीसारखी येत नव्हती, म्हणून साक्षीदार म्हणून माझीही घेत. मेपर्यंत लाल संपल्या, जूनमध्ये निळ्या. जुलैत एका दुपारी, बाहेर पन्नास डिग्री असताना, सगळ्यात सोप्या हिरव्या वाटेवर त्यांनी रेघ ओढली, कारण सोप्या उतारालाही ब्रेक लागतोच. मी सही केली. मला वाटलं, सुटलो. आता हा छळ संपला.

आठ दिवसांनी ते टॅक्सीने एकटे माझ्या घरी आले. वही काखेत धरलेली होती. बसायच्या आधीच म्हणाले, "उतार संपले. चढ राहिलेत." चौदा नंबरची वाट त्यांनी कधीच गंभीरपणे घेतली नव्हती, म्हणून तिच्यावर रेघही नव्हती; ती फक्त वर जाणारी, अकरा किलोमीटरची, जंगलातून पठारावर पोचणारी. चढणाऱ्याला ब्रेक कशाला पाहिजे? पाय अजून शाबूत होते. वर रस्ता येतो, तिथे मी जीप घेऊन उभं राहायचं आणि त्यांना खाली आणायचं. दहा-अकरा वर्षं उतरायची स्वप्नं पाहिलेल्या माणसाने शेवटी चढ निवडला, आणि निवडताना तो इतका खूश होता की मला नाही म्हणता आलं नाही.

ताईंना मात्र आलं. त्या आठवडाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत. मग एक दिवस म्हणाल्या, "पडलात तर उचलायला मी येणार नाही," आणि शिवणाचं मशीन बाहेर काढलं. त्यांनी जाड कापडाचे दोन हातमोजे शिवले, सायकलच्या दांड्याला अडकतील असे पट्टे लावून. पट्टा असा हवा होता की हात निसटता कामा नये, पण पडताना सुटला पाहिजे. चार जोड्या फुकट गेल्या. दिवाणखान्यात सायकल उभी करून त्या साडूंना त्यावर बसवत, आणि बाजूला उशा रचून त्यांना पाडून बघत.

ऑक्टोबरमध्ये आम्ही तिघे गेलो. मुलगी परीक्षेमुळे माझ्या बायकोकडे राहिली. बेटाबद्दल मी फार सांगू शकणार नाही. मला आठवतो तो काळा दगड, झाडांएवढे उंच नेचे, आणि ओल्या मातीचा वास, जो आमच्या नाकांना इतक्या वर्षांत अनोळखी झाला होता. ताई खाली, आम्ही मुक्कामाला होतो त्या घरी थांबल्या. त्यांनी साडूंच्या हातांत मोजे चढवले, पट्टे लावले, आणि आत निघून गेल्या. वाटेच्या सुरुवातीला साडू मला म्हणाले, "मागून चालत येता का? मी काही तुमच्यापेक्षा वेगाने जाणार नाही." मी म्हणालो, माझे बूट बरोबर नाहीत. ते बरं म्हणाले आणि निघाले. गिअर सगळ्यात हलका बांधून ठेवला होता. पाय भराभर फिरत होते आणि सायकल मुंगीसारखी सरकत होती.

जीपचा रस्ता त्या वाटेला मध्ये दोनदा आडवा जायचा. पहिल्या ठिकाणी ते दीड तासाने आले, घामाने निथळत, चेहरा पोरासारखा. थांबले नाहीत. दुसऱ्या ठिकाणी मी सव्वादोन तास उभा होतो. आले तेव्हा हनुवटीवर रक्त होतं, एक गुडघा फुटला होता, आणि मान सरळ राहत नव्हती. मी पाणी पाजलं आणि म्हणालो, बास झालं, सायकल जीपमध्ये टाकू. ते दम लागेपर्यंत हसले. "इथून खाली कसा जाणार? मला ब्रेक कुठे आहेत," म्हणाले. "आता वरच जायला पाहिजे." जीप तिथेच उभी होती, हे त्यांनाही दिसत होतं.

वर पोचले तेव्हा पठारावर ढग उतरला होता. ना ज्वालामुखी दिसत होता, ना समुद्र. दहा हातांवरची जीप दिसेना. मी पट्टे सोडवले आणि त्यांना एका खडकाला टेकवून बसवलं. इतक्या वर्षांनी आलो आणि काही दिसलं नाही, असं मी म्हणालो. त्यांनी खडकाकडे मान केली. बोटं वळत नव्हती. म्हणाले, "जरा वाजवा." मी पेराने वाजवला. त्यांनी कान लावून ऐकलं आणि मान हलवली. मग आम्ही खाली आलो. उतारभर ते खिडकीच्या काचेला डोकं टेकून झोपले होते.

पुढच्या मेमध्ये त्यांची नोकरी संपली. काम नाही तर अकामा नाही, आणि अकामा नाही तर या देशात राहता येत नाही. तीन आठवड्यांत तेरा-चौदा वर्षांचं घर उचलून ती मंडळी पुण्याला गेली. मी रजेवर गेलो की भेटत असे. आधी आवाज गेला, मग मान. शेवटच्या भेटीत ते फक्त पापण्यांनी हो-नाही म्हणत होते. दोन हजार सहाच्या पावसाळ्यात गेले. मला पोचायला दोन दिवस लागले.

तेराव्याला जेवणं होऊन लोक पांगल्यावर ताई बाहेरच्या खोलीत सतरंज्यांच्या घड्या घालत होत्या. मी दुसरं टोक धरलं. घडी घालता घालता त्यांनी विचारलं, "वर चढताना ते काय बोलत होते?"

पहिल्या ठिकाणचं, दुसऱ्या ठिकाणचं मी त्यांना पूर्वीच सांगितलं होतं. तेच पुन्हा सांगितलं.

"ते माहीत आहे. मधलं. जंगलातलं."

मी सतरंजी खाली ठेवली. मधलं मला माहीत नव्हतं. मी जीपमध्ये होतो. त्यांनी मला मागून चालत यायला सांगितलं होतं आणि मी बुटांची सबब सांगितली होती. खरं म्हणजे ते पडताना मला बघायचं नव्हतं. दोन वर्षं हे मी कुणाला बोललो नव्हतो, बायकोलाही नाही. ताईंना सांगितलं.

माझ्या हातातून सुटलेलं टोक त्यांनी स्वतःच उचललं, घडी पूर्ण केली आणि ती इतर घड्यांवर ठेवली.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "कुणी सोबत असलं की ते सारखे ठीक आहे, ठीक आहे म्हणत राहायचे. चार-पाच तास तरी म्हणावं लागलं नसेल."

एवढं बोलून त्या चहा टाकायला आत गेल्या. मी भिंतीला टेकून बसलो. स्वयंपाकघरात कपांचा आवाज होत होता, आणि आतल्या खोलीत मुलगी फोनवर कुणाशी तरी इंग्रजीत, हळू आवाजात, आपले वडील कसे होते ते सांगत होती.